सुरैड्याच्या सदतीस नोंदी

सुदेशने फोनवर नमस्तेसुद्धा केलं नाही.

“मैडम जी, आपकी मशीन को हमने स्कूल में जगह दी,” ती म्हणाली, “और आपने हमारे जेठ को हवालात भिजवा दिया.”

श्रावस्तीला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. दिल्लीजवळच्या सोहन्याच्या पुढे, अरवलीच्या पायथ्याशी सुरैडा नावाचं गाव आहे. सुदेश तिथल्या प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका. पावसाळ्याच्या सुरुवातीला गावात हादरे बसू लागले. मांडणीवरची भांडी वाजायची, शाळेच्या एका भिंतीला तडा गेला. तेव्हा दिल्लीच्या भूकंप केंद्रातून श्रावस्ती तिथे गेली होती आणि शाळेच्या सामानाच्या खोलीत तिने एक भूकंपमापक बसवला होता. आसपासच्या गावांत आणखी चार. खोलीची किल्ली सुदेशकडे असे. दर शनिवारी शाळा सुटली की ती स्वतः शिडी लावून सौर पॅनेलवरची धूळ पुसायची आणि ‘हो गया मैडम जी’ असा मेसेज टाकायची. त्याच बाईचा आवाज आज ओळखू येत नव्हता.

विचारत विचारत सगळं कळलं. जमीन का हलते ते आम्हाला कुणीतरी सांगा, असा अर्ज गावानेच कलेक्टरकडे केला होता. कलेक्टर कचेरीने भूकंप केंद्राला विचारलं. केंद्राने कळवलं, की हे भूकंप नाहीत, खाणीतले सुरुंग आहेत. सुरैड्याच्या खाणी बंद होऊन वीस वर्षं झाली होती. म्हणजे कुणीतरी चोरून डोंगर फोडतंय, असा सरळ अर्थ निघाला आणि दिवाळी संपताच खाण खात्याची माणसं पोलीस घेऊन गावात आली. सुदेशचे मोठे दीर रामपाल तरुणपणी खाणीत कामाला होते. आता वय बासष्ट, पाटे-वरवंटे घडवून सोहन्याच्या बाजारात विकायचे. त्यांच्या अंगणात दगडाला भोकं पाडायच्या चार गंजलेल्या कांबी सापडल्या. पोलिसांना तेवढं पुरलं.

“कागज पे सैंतीस धमाके लिखे हैं,” सुदेश म्हणाली. “तारीख, टाइम, सब. और नीचे आपका नाम.”

फोन ठेवून श्रावस्तीने संगणकावर नोंदी उघडल्या. पासवर्ड दोनदा चुकला.

बारा वर्षं ती हेच काम करत होती. एका भूकंपाची एक ओळ. केव्हा झाला, कुठे झाला, जमिनीखाली किती खोल, किती मोठा, आणि मुळात होता काय, भूकंप की आणखी काही. यंत्र आपल्या अक्कलहुशारीने एक अंदाज देतं. पण मोठ्या शहराजवळ यंत्राला ट्रकही भूकंप वाटतो, म्हणून माणूस बसतो, एकेका ठिकाणची लहर ताणून बघतो, पहिली थरथर नेमकी कुठे सुरू झाली तिथे खूण करतो. शेवटच्या रकान्यात त्या माणसाचं नाव येतं. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत सुरैड्याचे सदतीस छोटे भूकंप तिने असेच एकेक करून लावले होते. काहींना अर्धा दिवस गेला होता.

आता सदतीसच्या सदतीस ओळींत ‘भूकंप’ जाऊन ‘सुरुंगस्फोट’ आलं होतं. खोलीच्या रकान्यात तिने लिहिलेले सहा, सात, साडेआठ किलोमीटर जाऊन सगळीकडे शून्य होतं. फक्त तिचं नाव तेवढं होतं तिथे शाबूत होतं.

ती उठून नीलमच्या टेबलाशी गेली. नीलम अमरावतीची, कंत्राटावर होती आणि माहितीचा हा सगळा साठा तीच सांभाळायची.

“ताई, बदलांचा इतिहास दिसतो मला,” नीलम हळूच म्हणाली. तिने दार लोटलं आणि संगणकाचा पडदा श्रावस्तीकडे वळवला. “दसऱ्याच्या आदल्या दिवशी. अकरा बावीसला सुरू, अकरा एकतीसला संपलं. तुमचंच लॉगिन आहे. पण तुम्ही तर तेव्हा नागपूरला होतात ना?”

“ट्रेनमध्ये होते. कुठल्या मशीनवरून झालंय?”

नीलमने बोट ठेवलं. ते नाव दोघींनाही ठाऊक होतं. दोघींचे साहेब कौस्तुभ सर, त्यांच्या केबिनमधला संगणक.

मग श्रावस्तीला तो फोन आठवला. दरवर्षीप्रमाणे ती आईला, कमलाबाईंना, दीक्षाभूमीवर न्यायला निघाली होती. गाडी इटारसीच्या आसपास असताना सरांचा फोन आला. “अगं, रोजचं बुलेटिन अडकलंय. तुझं लॉगिन दे जरा. आपल्या माणसाकडे नाही मागायचं तर कुणाकडे मागायचं?” तिने दिलं होतं. विचारही न करता, आईच्या हातातला चहाचा कप सावरत सावरत दिलं होतं. सरांवरच्या संतापात हा स्वतःवरचा संताप मिसळला आणि तो जास्त झोंबला.

तिने नीलमकडून त्या पानाची प्रत घेतली आणि तडक केबिनमध्ये गेली.

“ये ना, बस,” कौस्तुभ सर म्हणाले. बाहेर हिंदी-इंग्रजीत बोलणारा हा माणूस तिच्याशी नेहमी मराठीत बोलायचा. लहर कशी वाचायची ते तिला त्यांनीच शिकवलं होतं. “चहा सांगू?”

“सुरैड्याच्या नोंदी माझ्या नावाने कुणी बदलल्या, सर?”

सरांनी चष्मा काढून पुसला. “ते प्रोव्हिजनल आहे गं. तिकडच्या नव्या टाउनशिपचा अहवाल आहे ना, त्या कमिटीवर मी आहे. ऐनवेळी भूकंपांची रांग दाखवली असती तर सगळा अभ्यास पहिल्यापासून करावा लागला असता. एक वर्ष गेलं असतं. एवढेएवढे तर हादरे.”

“सात किलोमीटर खाली जाऊन सुरुंग कोण लावतं, सर?”

“म्हणून तर खोली शून्य केली,” सर बोलून गेले, आणि त्यांनी घाईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

श्रावस्ती त्यांच्याकडे बघत राहिली. शरमेची एखादी तरी रेघ दिसेल असं तिला वाटलं होतं. पण सर आता समजावणीच्या सुरात आले होते. “हे बघ. दिल्लीच्या उंबऱ्यात भूकंप म्हटलं की चॅनेलवाले आठ दिवस घर डोक्यावर घेतील. आपण जबाबदार माणसं. पुढच्या आवृत्तीत नीट करून टाकू.”

“पुढची आवृत्ती केव्हा?”

“मार्चमध्ये.”

“म्हणजे रामपाल मार्चपर्यंत आत राहायचा?”

“कोण रामपाल?”

तिने सांगितलं. सर ऐकत होते, पण मध्येच त्यांनी मोबाईल उलटा करून ठेवला, पुन्हा सुलटा केला. शेवटी म्हणाले, “ते पोलिसांचं काम आहे. आपण फक्त माहिती दिली. आणि श्रावस्ती, परमुलखात आपण चार मराठी माणसं. एकमेकांना सांभाळून घ्यायला हवं.”

“रामपाल मराठी नाही म्हणून त्याला सांभाळायचं नाही, असं ना?” ती म्हणाली आणि उठली. चहा घेऊन येणारा शिपाई दारातच बाजूला झाला.

आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये ती पोचली तेव्हा तिचा नवरा प्रफुल्ल नुकताच आला होता. तो एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. तिने चप्पलही न काढता सगळं सांगून टाकलं. टेबलावर गृहपाठ करत बसलेली अकरा वर्षांची हेमांगी कान देऊन ऐकत होती.

“मम्मी, सुरुंग म्हणजे क्या?”

“दगडात भोक पाडून त्यात दारू ठासतात आणि उडवतात, ते.”

“आणि भूकंप झाला की सुरुंग, ते कसं कळतं?”

श्रावस्तीने टेबलक्लॉथच्या मध्यावर बोट ठेवलं. “इथे स्फोट झाला तर जमीन चारी बाजूंना बाहेर ढकलली जाते. कुठल्याही गावातलं यंत्र पहिला धक्का बाहेरच्याच दिशेचा दाखवणार. भूकंपात जमीन सरकते.” तिने कापड दोन्ही हातांनी उलटसुलट ओढलं. “मग या गावाला धक्का बसतो आणि त्या गावाला ओढ. सुरैड्याच्या प्रत्येक भूकंपात शाळेतल्या यंत्राला ओढ बसली आहे, आणि पलीकडच्या दोन गावांना धक्का.”

“बिल्कुल सोपं आहे. सरांना नाही दिसलं?”

“दिसलं.”

“मग?”

प्रफुल्ल म्हणाला, “आता केबिनमध्ये जाऊन भांडू नकोस. फाइलवर घे. तोंडी बोललेलं उद्या कुणालाच आठवत नाही.”

दोन दिवस बसून तिने चार पानी टिपण केलं. सदतीस नोंदी, प्रत्येकीपुढे तिची खरी खोली आणि कुठल्या गावाला धक्का, कुठल्या गावाला ओढ ते. चौदा हादरे सूर्यास्तानंतरचे होते, अंधारात सुरुंग उडवत नाहीत. एक तर पंधरा ऑगस्टला सकाळी आठ वाजून दहा मिनिटांचा, म्हणजे ऐन झेंडावंदनाच्या वेळचा होता. शेवटी तिने लिहिलं, की माझ्या नावावरचे बदल मी केलेले नाहीत, नोंदी पूर्ववत कराव्यात आणि जिल्हा प्रशासनाला आजच कळवावं. सोबत नीलमने दिलेलं पान जोडलं.

फाइल दुसऱ्या दिवशी परत आली. समासात हिरव्या शाईत सरांचे तीन शब्द होते, ‘कृपया चर्चा करा.’ सरकारी कचेरीत या तीन शब्दांखाली किती गोष्टी पुरल्या गेल्यात, हे तिला प्रफुल्लकडून ठाऊक होतं. तिने खाली लिहिलं, ‘चर्चा सोमवारी झाली. माझं मत कायम आहे. एक माणूस कोठडीत आहे.’ आणि फाइल पुन्हा वर पाठवली. ती मात्र परत आलीच नाही.

रविवारी ती सुरैड्याला गेली. गुडगावपर्यंत मेट्रो, तिथून सोहन्याची बस, पुढे सहाआसनी रिक्षा. सुदेश तिला रामपालच्या घरी घेऊन गेली. अंगणात अर्धवट घडवलेले पाटे तसेच पडले होते. रामपालची बायको पदर डोळ्यांपर्यंत ओढून बसली होती. श्रावस्तीने हिंदीत माफी मागितली, झालं ते समजावून सांगायचा प्रयत्न केला. पासवर्ड, लॉगिन, नोंद. ते शब्द त्या अंगणात इतके पोकळ वाटले, की तिचं तिलाच बोलवेना.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि ती एवढंच म्हणाली, “अपनी मशीन ले जा, बेटी.”

सुदेशने मान खाली घातली. “गाँव में सब यही कह रहे हैं मैडम जी. मैं क्या करूँ?”

श्रावस्तीने यंत्र उचकटलं. तारा गुंडाळताना तिच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि ती दुःखाची नव्हती. ज्यांनी विश्वासाने खोली दिली, किल्ली सांभाळली, अर्ज करून खरं काय ते विचारलं, त्यांच्याच दाराशी पोलीस गेले. आणि ज्याने नऊ मिनिटांत सदतीस खोट्या नोंदी लिहिल्या, तो आज सकाळी लोधी गार्डनमध्ये फिरायला गेला असेल.

गावाने सोहन्यातला एक तरुण वकील केला होता. निघताना ती त्याला भेटली आणि म्हणाली, “मुझे कोर्ट से समन भिजवाइए. समन आ गया तो मुझे कोई रोक नहीं सकता.”

समन्स आलं. त्या दिवशी सरांनी तिला फोन केला, गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा. “तू तब्येत बरी नाही असं कळव. मी बघतो पुढचं.” ती म्हणाली, “सर, माझी तब्येत उत्तम आहे,” आणि फोन ठेवला.

कोर्टाची खोली लहान होती, पंखा बंद होता. मॅजिस्ट्रेट पस्तिशीच्या आतल्या एक बाई होत्या. पिंजऱ्याजवळ रामपाल उभा होता, दाढी वाढलेली, एका हाताने पायजमा सावरत. श्रावस्तीने त्याला पहिल्यांदाच पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

सरकारी वकिलाने कागद पुढे केला. “यह नाम आपका है?”

“नाम मेरा है. एंट्री मेरी नहीं.”

“आपके लॉगिन से हुई है.”

“जी.”

“पासवर्ड किसने दिया था?”

“मैंने,” ती म्हणाली. हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं, तरी चेहरा पेटल्यासारखा झाला. “साहब ने फोन पर माँगा और मैंने दे दिया. गलती मेरी है. इसीलिए यहाँ खड़ी हूँ.”

मॅजिस्ट्रेटबाईंनी मान वर केली. “आप कह रही हैं ये धमाके नहीं थे. आसान भाषा में बताइए.”

श्रावस्तीने घरी टेबलापाशी सांगितलं होतं तसंच सांगितलं. धक्का आणि ओढ, आणि खोली. सात किलोमीटर, तिने सांगितलं, म्हणजे समोरचा डोंगर एकावर एक पंचवीस-तीस वेळा उलटा खाली रचायचा. चार गंजलेल्या कांबी घेऊन रामपाल तिथे कसा पोचला, ते खाण खात्याने सांगावं. मग वकिलाने सुदेशला उभं केलं. तिने शाळेतला पंधरा ऑगस्टचा फोटो दिला. झेंडा नुकताच चढलेला, आणि रामपाल रांगेतल्या पोरांना लाडू वाटतोय. आठ दहाचा हादरा बसला तेव्हा ताटातले लाडू घरंगळले होते, असं सुदेशने शपथेवर सांगितलं.

मॅजिस्ट्रेटबाईंनी फोटो बराच वेळ हातात धरला. मग खाण खात्याच्या अधिकाऱ्याला विचारलं, “आपने मौके पर एक भी गड्ढा देखा? बारूद? एक भी ताज़ा पत्थर?” अधिकारी फाइल चाळत राहिला. फाइलमध्ये ते नव्हतंच.

त्याच दिवशी जामीन झाला. रामपालला कोठडीत जाऊन एकोणीस दिवस झाले होते. बाहेर आल्यावर गावची माणसं त्याच्याभोवती जमली. श्रावस्ती बाजूला उभी होती. तो जाता जाता थांबला, तिच्याकडे बघून त्याने हात जोडले नाहीत की रागही दाखवला नाही. “सच पहले दिन बोल देते तो?” एवढं विचारून तो पुढे गेला. गुन्हा जानेवारीत मागे घेतला गेला, पण कांबी अजून पोलीस ठाण्यातच आहेत.

कोर्टाच्या आदेशाची प्रत केंद्रात पोचल्यावर चौकशी समिती बसली. तीन बैठका झाल्या. शेवटच्या बैठकीत इतिवृत्त सह्यांसाठी फिरलं. त्यात लिहिलं होतं, की ‘तांत्रिक चुकीमुळे’ काही नोंदींचं वर्गीकरण बदललं गेलं होतं.

“मी यावर सही करणार नाही,” श्रावस्ती म्हणाली.

अध्यक्षांनी, एका निवृत्त शास्त्रज्ञांनी, प्रेमळपणे समजावलं, की शब्दात काय आहे. कौस्तुभ सर समोरच बसून खिडकीबाहेर बघत होते.

“तांत्रिक चूक यंत्राची असते, सर. इथे एका माणसाने हाताने सदतीस वेळा खोटं लिहिलं आणि दुसऱ्याच्या नावावर टाकलं. त्या शब्दात ते बसत नाही. चूक म्हणायचीच असेल तर माझी लिहा, मी पासवर्ड दिला. यांनी केलं त्याला चूक म्हणू नका.”

तिने इतिवृत्ताच्या खाली, सहीच्या जागी, हाताने पाच ओळींत आपली असहमती लिहिली, तारीख टाकली आणि मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढून घेतला.

पुढे झालं ते असं. सदतीसपैकी एकतीस नोंदी पुन्हा भूकंप झाल्या, खोलीसकट. सहा ‘अनिश्चित’ म्हणून ठेवल्या गेल्या. का, ते कुणी लिहिलं नाही. त्या सहांतले चार हादरे सगळ्या मालिकेत मोठे होते. टाउनशिपचा अहवाल जुनीच यादी जोडून केव्हाच गेला होता. श्रावस्तीने त्या कमिटीला नवी यादी पाठवली, तर ‘नोंद घेण्यात आली आहे’ असं एका ओळीचं उत्तर आलं. नीलमचं कंत्राट डिसेंबरमध्ये संपलं ते वाढवलं नाही. ती आता नोएडाला एका खासगी कंपनीत जाते. कौस्तुभ सर आणखी दोन समित्यांवर गेले. श्रावस्तीची बदली उपकरणांच्या भांडारात झाली. तिथे ती आलेली यंत्रं तपासते, खोक्यांवर नंबर टाकते, आणि भूकंपाची एकही ओळ तिच्या हातून जात नाही.

“आता पुरे कर,” कमलाबाई मार्चमध्ये फोनवर म्हणाल्या. “माणूस सुटला ना?”

“सुटला गं. पण ते सहा अजून तसेच आहेत.”

“कुठले सहा?”

श्रावस्तीने आईला समजावून सांगितलं, पंधरा मिनिटं लागली. मग जेवायच्या आधी टेबलावर जागा करून तिने माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला. सहा नोंदी, सहाही कोणत्या तारखेच्या, आणि प्रत्येकीला अनिश्चित कुणी ठरवलं, कशावरून, त्या व्यक्तीचं नाव द्यावं. हेमांगीने वाचून बघितलं आणि ‘कशावरून’ या शब्दाखाली रेघ मारली, म्हणाली, “हे डार्क कर मम्मी.” श्रावस्तीने तो शब्द पुन्हा गिरवला.